सातवा मजला भाड्याने देणे आहे

आमच्या पडदे शिवण्याच्या कारखान्यात नवीन लागलेली एक पोरगी आहे. हुशार आहे, हात चलाख आहे, आणि पहिला पगार झाल्यापासून तिच्या डोक्यात घर शिरलंय. राहायला नव्हे. राहणार ती आईबापांकडेच. घर घ्यायचं ते भाड्याने द्यायला. परवा जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइलवर एका इमारतीचं चित्र दाखवलं आणि म्हणाली, "मावशी, भाड्यातूनच हप्ता जातो म्हणे. घेऊ का?" माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत मी गप्प बसले आणि गिळल्यावर जे काही बोलले ते ऐकून आजूबाजूच्या मशिनी थांबल्या. मला तोंड आवरत नाही, हे जगजाहीर आहे. पण त्या पोरीवर मी चिडले नव्हते. मला तिच्या जागी माझा भाचा दिसत होता. त्याची हकीकत एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारलं तर मला ओरडावं लागणार नाही.

भाचा म्हणजे माझ्या ताईचा एकुलता एक मुलगा. त्याला आम्ही सगळे बटण म्हणतो. लहानपणी दिसेल ते बटण दाबायचा. रेडिओचं, पंख्याचं, शेजाऱ्यांच्या बेलचं. त्या बेलपायी ताईने किती दारांत उभं राहून माफी मागितली असेल, देव जाणे. तो शाळेत असतानाच माझे मेहुणे गेले. ताई एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहायची, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मालकाने स्टूल दिलं होतं, पण बसून इस्त्रीला जोर लागत नाही असं तिचं म्हणणं. त्या स्टुलावर कपड्यांचे गठ्ठे बसायचे आणि ताई उभी. तिच्या इस्त्रीची घडी आठवडाभर मोडायची नाही. गुडघे मात्र मोडले.

मायलेक राहायचे तिसऱ्या मजल्यावर, एका जुन्या घरात. लिफ्ट नाही. जिना असा चिंचोळा की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून पोट आत ओढायचं. पण भाडं जुनं, अगदी कमी. घरमालकीण म्हातारी होती आणि भाडं वाढवायचा तिला कंटाळा होता. ताई बाजारातून आली की प्रत्येक वळणावर पिशवी खाली ठेवायची, कठड्याला धरून उभी राहायची आणि कोणी पाहिलं तर म्हणायची, "काही नाही, जरा विचार करत होते." बटण तेव्हापासून तिला सांगायचा, "आई, तुला मी एक दिवस बटण दाबून घरी नेणार."

पुढे तो लिफ्टच्या कंपनीतच लागला. आधी शिकाऊ, मग मेकॅनिक. आणि लागला म्हणजे काय, तिथेच त्याचा जीव जडला. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचा आणि मग वर येऊन यजमानांना सांगायचा, तुमच्या लिफ्टचा ब्रेक घासतोय. एका मुलीशी त्याचं जमत आलं होतं. तिला फिरायला नेतो म्हणाला आणि एका उंच इमारतीच्या गच्चीवरची मशीन रूम दाखवून आणली. तिचा नवा कोरा ड्रेस ग्रीसने माखला. त्यानंतर ती फिरायला आली नाही. मी त्याला म्हटलं, "अरे गाढवा, तिला लिफ्टशी लग्न करायचं होतं का?" तर म्हणतो, "मावशी, ते यंत्र फार सुंदर होतं गं." असा माणूस. दोन पैसे गाठीला लागले तसं ताईच्या घराचं त्याच्या मनाने घेतलं.

आता ताईला काय हवं होतं ते ऐका, कारण पुढे ते सगळे विसरले. लाँड्रीच्या मागची लाँड्रीवाल्याचीच एक खोली विकायला निघाली होती. तळमजला, दोन खिडक्या, दाराशी नळ. जुनी, रंग उडालेली, पण पाऊल टाकलं की रस्ता. ताई मला म्हणाली होती, "मला तेवढी पुरे. सकाळी दारात खुर्ची टाकून बसेन, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलेन." तिच्या आयुष्यातली ही पहिली मागणी असावी. मी तर तिला त्या खोलीसाठी पडदे फुकट शिवून द्यायचं कबूलसुद्धा केलं होतं.

तेवढ्यात एजंट आला. घरांचा दलाल, गोडबोल्या, ताईच्या स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसल्यासारखी मांडी ठोकून बसला आणि बटणला हिशोब समजावू लागला. मी तिथेच होते.

"तुम्ही आत्ता राहता ते भाडं किती? काहीच नाही. मग हे घर सोडायचं कशाला? इथे स्वस्तात राहा, आणि नवीन घर घेऊन महागात भाड्याने द्या. हप्ता भाडेकरू भरेल. तुम्ही फक्त झोपा. पाच वर्षांनी आईला घेऊन तिथे राहायला जा, तोवर अर्धं घर फिटलेलं असेल."

"आणि भाडेकरू मिळाला नाही तर?" मी विचारलं.

"मावशी, लोक राहणार कुठे मग? झाडावर?" तो हसला. बटणही हसला.

ताईने लाँड्रीमागच्या खोलीचं नाव काढलं. बटण तिच्याजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. मायेने बोलत होता, ते मी नाकारत नाही. "आई, ती खोली पाच वर्षांनीही तीच खोली असेल. मला तुला चांगलं घर द्यायचंय. थोडी कळ काढ." ताई म्हणाली, "तुला पटतंय ना? मग झालं." माझ्या ताईचं हे नेहमीचं. तिचं स्वतःचं पटणं तिने कधीच कोणासमोर मांडलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

घरं त्याने पुष्कळ पाहिली. एजंट दाखवायचा खोल्या, हा बघायचा लिफ्ट. कुठे दोराला तेल नव्हतं, कुठे दार अडकत होतं, कुठे बटणांवरचे आकडे बोटं लागून लागून पुसले होते. "जे लिफ्टला जपत नाहीत ते इमारतीला काय जपणार?" म्हणायचा आणि पुढे चालू लागायचा. शेवटी एक इमारत त्याला आवडली. त्याच्याकडे नुकताच जो विभाग आला होता, त्यातलीच. सात मजली, वयाने बऱ्यापैकी, बाहेरून साधी. आम्ही तिघं बघायला गेलो. ताईला धरून धरून खाली उतरवलं होतं.

त्याने आम्हाला खाली थांबवलं आणि मशीन रूमपासून लिफ्टखालच्या खड्ड्यापर्यंत सगळं तपासून आला. चेहरा उजळलेला. "मावशी, एवढी जुनी लिफ्ट, आणि अंगाला झीज नाही! दोर ज्या चाकावरून जातो त्याच्या खाचा अजून धारदार आहेत. दाराची पट्टी बघ. बटणं बघ, सातचा आकडा कसा कोरा करकरीत आहे. कोणीतरी पोटच्या पोरासारखी जपलीय ही." मग त्याने ताईला आत नेलं आणि म्हणाला, "आई, तूच दाब." ताईने सात दाबलं. वर पोचलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "पोटात काहीसुद्धा हललं नाही गं!" तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

तो लिफ्ट बघत होता तोवर मी अंगणात उभी राहून खिडक्या बघत होते. माणूस आपल्या धंद्याच्या डोळ्यांनी बघतो. इमारतीत पडदे फार थोड्या खिडक्यांना होते. बाकी सगळ्या काचा उघड्या. मला आनंदच झाला. म्हटलं, केवढी ही गिऱ्हाइकं, सगळ्यांचे पडदे शिवायचे बाकी! बटणलाही बोलले, तर तो म्हणाला, "बघ, तुझंही काम झालं." एजंट मध्ये उभा राहून मान डोलवत होता. बँकेचं कर्ज काढून घर घेतलं.

पहिला भाडेकरू लगेच मिळाला. एक तरुण जोडपं, नीटनेटकं. बटण दर महिन्याला पेढे वाटायला आल्यासारखा हसत यायचा. मग एका महिन्यात ते म्हणाले, आम्ही सोडतोय. कुठे जाताय, तर पाचव्या मजल्यावर. त्याच इमारतीत. पाचव्याचा मालक कमी भाड्यात देत होता. बटणने दुसरा भाडेकरू शोधला, भाडं कमी करून. तो काही महिन्यांनी चौथ्यावर गेला. पाचव्यावरचं जोडपं तोवर दुसऱ्यावर उतरलं होतं. झाडावर कोणी राहायला गेलं नाही, तेवढं एजंटचं खरं ठरलं. सगळे त्याच इमारतीत एकेक मजला खाली उतरत होते आणि दर मजल्याला भाडं पडत होतं. त्यानंतर जो आला त्याने दोन महिने भाडं दिलं आणि एक दिवस किल्ली पायपुसण्याखाली ठेवून गेला. मग कोणीच आलं नाही. फाटकावर "सातवा मजला भाड्याने देणे आहे" अशी पाटी लागली. तिच्या शेजारी तशाच इतक्या पाट्या होत्या की कोणती कोणाची, ते कळत नव्हतं.

सोसायटीच्या सभेला बटण गेला तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या इमारतीतून मूठभर माणसं आली होती. सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त ड्रायव्हर, तिथे खरोखर राहणाऱ्या मोजक्यांपैकी. त्याने सांगितलं, इथे मालक राहतच नाहीत. सगळ्यांनी भाड्याने द्यायला घेतलीत. निम्मी घरं तर पहिल्यापासून बंद. आणि जे राहत नाहीत ते देखभालीचे पैसेही देत नाहीत. बटण सभेतून सरळ माझ्या कारखान्यात आला. मशिनीसमोरच्या कापडाच्या ढिगावर बसला.

"मावशी, ती लिफ्ट कोणी जपलेली नव्हती. वापरलेलीच नव्हती."

न झिजलेली वस्तू बघून दुसरा कोणी विचारात पडला असता, की बाबा, इथे माणसं का नाहीत? पण हा लिफ्टवाला. झीज नाही म्हटल्यावर त्याला फक्त कौतुक वाटलं. आणि मी, पडदेवाली, माझ्या बाजूने तेच केलं. दोन शहाणे एकाच अंगणात उभे होते, आणि रिकामी इमारत दोघांनाही दिसली नाही.

त्यानंतर त्याने रविवारच्या पाळ्या घेतल्या, दुसऱ्या विभागाची कामं अंगावर घेतली. वाळून काडी झाला. ताई विचारायची, "एवढं काम का रे?" तर म्हणायचा, "तुझ्या घरासाठी." ते खोटं नव्हतं, पण ऐकवत नव्हतं. तिकडे ताईचं खाली उतरणं कमी होत होत थांबलं. इस्त्रीचं काम सुटलं. वरच्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून ती दुकानदाराला हाक मारायची. तिच्याकडे गेले की मला आधी विचारायची, "बाहेर काय चाललंय?" जशी काही मी परदेशातून आले आहे.

मग एक दिवस कंपनीच्या साहेबांनी बटणला बोलावलं आणि त्याच्या इमारतीचं नाव काढलं. पैसे थकलेत, लिफ्ट बंद करून ये. कंपनीची रीतच तशी आहे. थकबाकी झाली की मेकॅनिकने जायचं, लिफ्ट तळाला आणायची, मुख्य स्विच पाडायचा, मशीन रूमला कंपनीचं कुलूप घालायचं आणि दारावर "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी अडकवायची. दुरुस्तीसाठी म्हणतात, कारण खरं लिहिलं तर लोकांना राग येतो. त्याचा विभाग, त्याची ड्यूटी. त्याने स्वतःच्या हाताने ती पाटी अडकवली. "साहेबांना सांगायचंस ना, माझं घर आहे तिथे म्हणून," मी म्हटलं. तो म्हणाला, "सांगितलं. ते म्हणाले, मग तू भर सगळ्यांचे पैसे."

संकटं येतात तेव्हा रांग लावूनच येतात की काय, कोण जाणे. त्याच सुमारास ताईची म्हातारी घरमालकीण गेली आणि तिच्या मुलाने घर रिकामं करायला सांगितलं. तो भला होता, मुदत दिली, पण कमी भाड्याची मजा संपली. आता दुसरं घर भाड्याने घ्यायचं तर हप्ता कोण देणार? हप्ता द्यायचा तर भाडं कुठून आणायचं? घराचे हप्ते भरणारा माणूस भाड्याच्या घरात राहू शकत नाही, आणि स्वतःच्या घराला भाडेकरू मिळत नाही. मग राहिलं काय? सातवा मजला. तिसऱ्यावर अडकलेल्या बाईला सातव्यावर न्यायचं.

त्याने तिला पाठीवर घेऊन नेलं. मी मागून उशा आणि औषधांची पिशवी घेऊन चढत होते. प्रत्येक मजल्यावर तो थांबायचा, भिंतीला टेकायचा, आणि ताई त्याच्या मानेवरचा घाम आपल्या रुमालाने पुसायची. चौथ्या मजल्यावर ती म्हणाली, "बटण दाबून नेणार होतास ना रे? हे घे, दाबलं," आणि त्याच्या टाळूवर बोट टेकवलं. तो हसायला गेला आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडला. ताई त्याच्या पाठीवरच होती. मी दोन पायऱ्या खाली, हातात उशा. मला त्या दिवशी त्या एजंटचा, त्या बँकेचा आणि खरं सांगायचं तर बटणचाही गळा दाबावासा वाटला.

तुम्ही म्हणाल, मशीन रूमची किल्ली तर त्याच्याकडेच होती, मग आईपुरती चालवायची लिफ्ट. मीही हेच म्हटलं होतं. पण करार नसताना लिफ्ट चालवली आणि कंपनीला कळलं तर त्याच दिवशी घरी बसायचं. ताईनेच त्याला बजावलं, "नोकरी गेली तर काय खाशील? मला कुठे जायचंय?" त्या वाक्यापुढे आमचं दोघांचंही चालेना. मी तिला खिडकीचा पडदा शिवून दिला, गडद निळा. लाँड्रीमागच्या खोलीसाठी कापून ठेवलेलं कापड होतं, तेच जोडून वाढवलं.

बटणने घर विकायला काढलं. तोट्यात, मिळेल त्या किमतीत. कर्ज फिटलं तरी पुरे. लाँड्रीमागची खोली अजून गेली नव्हती आणि लाँड्रीवाला ती ताईला भाड्याने द्यायला तयार होता, एवढी एक आशा उरली होती. पण सातवा मजला आणि लिफ्ट बंद म्हटलं की गिऱ्हाईक फाटकातूनच परतायचं. शेवटी त्याच एजंटने एक मुलगी पकडून आणली. पहिली नोकरी, पहिलं घर, भाड्याने द्यायला हवं होतं. आणि बटणला म्हणाला, "साहेब, एक तास. फक्त एक तास लिफ्ट चालू ठेवा. बाकी माझ्यावर सोडा."

बटण तयार झाला. लिफ्टच्या बाबतीत त्याने कधी खोटेपणा केला नव्हता. पण तोही आता सातव्या मजल्यावरच अडकला होता. ताईला मात्र त्याने एवढंच सांगितलं, की कोणीतरी घर बघायला येणार आहे. लिफ्टचं सांगितलं असतं तर तिने हे होऊ दिलं नसतं. मी त्या दिवशी तिथेच होते, घर आवरायला आले होते.

मुलगी आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लिफ्टमधून वर आली, एजंट मागे, बटण बाजूला. सरळ खिडकीशी गेली, पडदा सारला आणि लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागली. "किती लांबचं स्वच्छ दिसतं इथून! असा उजेड असला की भाडेकरू लगेच मिळेल." मी बटणकडे पाहिलं, बटण जमिनीकडे. तिसरा शहाणा आला होता, आपापल्या धंद्याचे डोळे घेऊन. एजंट म्हणाला, "आणि लिफ्ट तर तुम्ही पाहिलीच. झीज नाही."

तेवढ्यात आतून ताई बाहेर आली. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे, पायात चपला. चपला म्हणजे बाहेरच्या, इथे आल्यापासून कपाटात ठेवलेल्या. भिंतीला धरून, पण चांगली झपाझप. चेहरा असा फुललेला की मी गडबडलेच.

"आजी, कुठे निघालात?" मुलीने हसून विचारलं.

"खाली!" ताई म्हणाली. "मला आवाज आला ना. लिफ्ट सुरू झाली! अगं, आम्ही राहायला आल्यापासून आज पहिल्यांदा सुरू झाली. मी एकदासुद्धा उतरले नाहीये. म्हटलं, पुन्हा बंद व्हायच्या आत जाऊन यावं."

मुलीने एजंटकडे पाहिलं. एजंट म्हणाला, "आजींचं वय झालंय, त्यांना काही लक्षात राहत नाही." तेव्हा मी तोंड उघडलंच होतं, पण बटण आधी बोलला.

"आईला सगळं लक्षात राहतं. लिफ्ट आज तुमच्यासाठी चालू केली. तुम्ही गेलात की बंद होणार."

मुलगी त्याच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मग मी घेऊ की नको?"

"नका घेऊ," बटण म्हणाला. "मी पण असंच पहिलं घर घेतलं होतं."

ती आमचे आभार मानून जिन्याने उतरून गेली. लिफ्टमध्ये बसायलाही तयार झाली नाही बिचारी. एजंटने जाता जाता बटणला जे सुनावलं ते मी लिहीत नाही. मीही त्याला जिन्यापर्यंत जाऊन जे सुनावलं, तेही लिहीत नाही.

ताईला काय झालं ते तोवर उमगलं होतं. दाराची चौकट धरून उभी होती. "मी बोलायला नको होतं का रे?"

"नाही आई. चल, खाली जाऊ."

आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो. बटण म्हणाला, "तूच दाब." ताईने दाबलं. खाली अंगणात ती आधी नुसती उभी राहिली. मग माझ्या हाताला धरून फाटकापर्यंत गेली, रस्त्यावर एक पाऊल ठेवलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोऱ्याचं एक रीळ घेतलं, कशाला ते मला अजून माहीत नाही. परत येताना तिने फाटकावरच्या सगळ्या पाट्या वाचल्या, सावकाश, एकेक. "बाई बाई," म्हणाली, "ही सगळी आपल्यासारखीच माणसं." मग कट्ट्यावर बसली. शाळेतून येणाऱ्या पोरांना बघत बसली. बटणला कंपनीतून दोनदा फोन आला, त्याने घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तीच उठली. "चल, तुला कुलूप लावायचंय ना."

वर आलो. बटण गच्चीवर गेला. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. लिफ्ट तळाला गेली, वरून स्विच पाडल्याचा आवाज आला आणि जिन्यात एकदम शांत झालं. ताईने दाराला टेकून चपला काढल्या. एक काढली, मग दुसरी. वाकून फडक्याने पुसल्या. मला वाटलं, कपाटात ठेवणार. तिने त्या माझ्यासमोर धरल्या.

"या तू ने. तुला येतील. पडून पडून खराब होतील इथे."

"ताई, वेड लागलंय का? लिफ्ट सुरू होईल ना पुढेमागे."

"ने गं," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. इस्त्रीचा कपडा गिऱ्हाइकाला जसा द्यायची, तशी तिने ती जोडी माझ्या हातावर ठेवली.

मी सात मजले उतरले. प्रत्येक वळणावर थांबत होते. परत जाऊन त्या चपला दाराशी ठेवून याव्यात असं वाटत होतं, पण गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? खाली अंगणात येऊन वर पाहिलं. त्या मजल्यावर एकाच खिडकीला पडदा होता, माझ्याच हातचा, दोन तुकडे जोडलेला. तो ओढलेला होता. त्यामागे ताई उभी होती की नाही, ते खालून दिसत नव्हतं.